भिमाचा चेहरा

मुरबाडच्या बाजारपेठेत संदेशचा लग्नाच्या शूटिंगचा गाळा आहे. दिवाळीत त्याने सोळा कोरचा कॉम्प्युटर आणला आणि पुढे महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जुना कॉम्प्युटर एका लग्नाची फिल्म तयार करायला रात्र खायचा. हा नवा, संदेश चहा पिऊन येईपर्यंत मोकळा. भातलावणीला एकदम सोळा बाया शेतात उतराव्यात, तसं कामाचे तुकडे सोळा कोरांत वाटून उरकायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते खोटं नाही. एवढ्या वेगाचं करायचं काय, म्हणून या गड्याने जुन्या लग्नांचं सगळं शूटिंग आवळून लहान करायला घेतलं. सेटिंग सगळ्यात फास्ट, फाइल सगळ्यात छोटी. आवळून झालं की मूळ फाइल पुसायची आणि त्या जागेवर नवं शूटिंग भरायचं. आपल्या हुशारीवर तो भलताच खूश होता.

उन्हाळ्यात वैशाखरे गावची देवकीमावशी गाळ्यात आली. तिचा मुलगा भिमा माळशेज घाटात टेम्पोसकट दरीत गेला होता. मोबाइलही त्याच्याबरोबरच गेला. आधारकार्डावर होतं ते मिसरूड न फुटलेलं पोर. बारावं तोंडावर आलेलं आणि हार घालायला घरात फोटो नव्हता.

"मोठीच्या हलदीत होता ना तो," मावशी म्हणाली. "तूच शूटिंग केलेलीस. बघ रे बाला, येवढा चेहरा काढून दे."

ती हळद संदेश विसरणं शक्य नव्हतं. लाइट धरणारा त्याचा गडी आयत्या वेळी आलाच नाही, तेव्हा सख्ख्या बहिणीच्या हळदीत भिमाने लाइट धरला. सगळ्या गावाच्या तोंडावर उजेड पाडला आणि स्वतः लाइटच्या मागे, काळोखात उभा राहिला. शेवटी बेंजोच्या तालावर नाचायला पोरांनी त्याला ओढलं, तेव्हा लाइट संदेशच्या हातात देऊन तो मांडवाच्या टोकाला जाऊन नाचला. एकदा कॅमेऱ्याकडे वळून हसलाही.

संदेशने फाइल उघडली. नवरीचं पिवळं तोंड, गळ्यातले दागिने, सगळं जागच्या जागी होतं. मग मांडवाचं टोक आलं, आणि भिमाच्या मानेवर नुसते काळपट चौकोन नाचू लागले. व्हिडिओ आवळताना सॉफ्टवेअरला काहीतरी टाकून द्यावंच लागतं. ते आधी काळोखातलं टाकतं, भराभर हलणारं टाकतं, कारण तिथे कुणाची नजर जात नाही असं ते धरून चालतं. संदेशने घाईपायी त्याला हवं तेवढं टाकायची मोकळीक दिली होती. त्याने पुसलेली फाइल परत आणायची खटपट केली, पण त्या जागेवर केव्हाच शहापूरचं एक लग्न येऊन बसलं होतं. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

"जरा अंधुक आलंय मावशी," तो म्हणाला. "साफ करतो. तुमी बसा."

त्याने चेहरा सुधारणारं सॉफ्टवेअर लावलं. सोळाच्या सोळा कोर कामाला जुंपले, पंखा घोंगावू लागला. मावशीने त्या डब्याला हात जोडले. ते पाहून संदेशने मान खाली घातली. सॉफ्टवेअर भिमाला ओळखत नाही, ते दुनियेतल्या इतरांच्या चेहऱ्यांवरून अंदाजाने नाक-डोळे बसवतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी आशा सुटत नव्हती.

चेहरा आला. नितळ, सरळ नाकाचा, पांढऱ्याशुभ्र दातांचा. भिमा असाच तर होता, अशी संदेशने स्वतःची समजूत घातली आणि प्रिंट काढून मावशीच्या हातात ठेवली.

मावशी ती घेऊन दाराशी, उन्हात गेली. पदराने कागद पुसला. बराच वेळ बघत राहिली. मग परत येऊन तो टेबलावर जपून ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

"पोरगा देखना हाय रे," ती म्हणाली. "कुनाचा हाय?"

संदेशने तो कागद पालथा घातला.

"बरं, मना घाई नाय," म्हणत ती पुन्हा स्टुलावर टेकली. "मी बसते हितंच. तू आमचा भिमा काढ."