प्रश्न क्रमांक अकरा

‘भाचीबाई’ हे नाव तिला मामानं ठेवलेलं. एम.एस्सी.ला विमागणित शिकायला लागल्यावर त्यातलं मास्तरीण वाटणारं ‘बाई’ तिला शोभायलाच लागलं. दुसऱ्या सत्रात सरांनी प्रकल्प दिला : चाळीस जणांना तब्येतीचे वीस प्रश्न विचारायचे आणि कुणाला किती धोका आहे याचं गणित मांडायचं.

ती कागद घेऊन मामाकडे गेली. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. तळघरातल्या खोलीत, तेलकट हात पुसत तो म्हणाला, “विचार. वय पाच वर्षांनी कमी सांगितलं तर चालेल ना?”

अकराव्या प्रश्नाला मात्र त्याची थट्टा थांबली. जिना चढताना छातीत दुखतं का?

“दुखतं हल्ली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवळून येतं. मामीला बोलू नकोस हं, घर डोक्यावर घेईल.”

तोवर सगळ्यांनी ‘नाही’च म्हटलं होतं. सगळेच धडधाकट निघाले तर गणित मांडायचं कशाचं? चला, एक तरी ‘हो’ मिळाला, असं तिच्या मनात आलं. तिनं खूण केली आणि विचारलं, “झोप किती तास?”

तीन आठवड्यांनी तिला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. त्याच आठवड्यात मामा हत्यारांच्या पिशवीसकट चौथ्या मजल्यावर कोसळला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मामी म्हणाली, “एका शब्दानं बोलले नाहीत गं. तुला तरी कधी काही म्हणाले होते?”

‘नाही’ म्हटलं असतं तर निभावलं असतं.

“म्हणाला होता. तीन आठवडे झाले. मी लिहून घेतलं.”

“लिहून घेतलंस,” मामी म्हणाली. मग ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

मामा वाचला. बोलायला लागल्यावर तो म्हणाला, “गप्प राहा असं मीच म्हणालो होतो. तू शब्द पाळलास.”

तिला मान वर करवेना. शब्द कसला पाळला? ती चक्क विसरली होती. हे मात्र तिला त्याला सांगता आलं नाही.

घरी येऊन तिनं कागद काढले. अकराव्या प्रश्नाला नंतर आणखी दोन होकार आले होते. पण प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे कागदांवरची नावं तिनं आधीच कापून टाकलेली. ते दोघं कोण, हे कळायला मार्गच नव्हता. कुणाकुणाला विचारलं त्याची यादी तेवढी वहीत होती; मग तिनं उरलेल्या एकोणचाळीस जणांना फोन लावायला घेतले. कुणी हसलं, कुणी “आता काय विमा विकतेस की काय?” म्हणालं. दोन दिवसांत त्या दोघांचा पत्ता लागला, तरी ती थांबली नाही.

एकतिसावा फोन शिवणकाम करणाऱ्या काकूंना होता.

“मी ‘नाही’ म्हटलं होतं,” काकू म्हणाल्या. मशीनचा आवाज थांबला. “पण दुखतं गं. तेव्हा शेजारी सून बसली होती.”

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ या,” ती म्हणाली. “मी येते न्यायला.”