फोटो नाही तर मूल नाही

घटस्फोटात माझ्या वाट्याला बुधवार आला. पाळणाघरातून मुलीला सहाच्या आत घ्यायचं. तीनदा उशीर झाला की बुधवारही गेला, अशा कागदावर मी शहाण्यासारखी सही केली होती. दोनदा उशीर झालेला होता.

अशात पाळणाघराचा जुना कॉम्प्युटर मेला. नव्यावर फाटकाचा प्रोग्रॅम चालेना, कारण तो प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला. मी म्हटलं, नव्या आवृत्तीत आणून देतो, फुकट. संचालक बाईंच्या नजरेत चांगला बाप ठरायची संधी कोण सोडेल?

प्रोग्रॅमचं काम एवढंच: न्यायला आलेल्याचा नंबर टाकला की वेबवरून त्याचा फोटो आणून पडद्यावर दाखवायचा. फोटो आणणारी ओळ नव्या आवृत्तीला कळत नव्हती, ती बदलली. मग खालची ओळ वाचली आणि डोकंच फिरलं. फोटो आला नाही तर गप्प बसा, पुढे चला, असं आधीच्या महाभागाने लिहून ठेवलं होतं. म्हणजे पडद्यावर आधीच्या माणसाचाच फोटो तसाच राहायचा. पोरं काय भाजी आहे, कुणाच्याही पिशवीत टाकायला? मी ते उडवलं आणि लिहिलं: फोटो नाही तर मूल नाही, फाटक बंद. शिवाय पूर्वी आतल्या बाजूला असलेला पडदा सगळ्यांना दिसेल असा बसवला. बैठकीत पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा ताठ झालो.

बुधवारी पावणेसहाला फाटकावर माझा नंबर टाकला. पांढरा चौकोन आला.

नाव नोंदवताना दिलेला माझा फोटो मुलीच्या आईच्या ऑनलाइन अल्बममधला होता, आणि घटस्फोटानंतर तिने मला तिथून साफ केलं होतं. म्हणजे दोन वर्षं माझ्या जागी कधी कुणाची आजी, कधी कुणाचा दाढीवाला काका दिसत होता, आणि फाटकावरच्या मावशी खुशाल मुलगी माझ्या हातात देत होत्या.

मावशींना म्हटलं, तुम्ही मला ओळखता. त्या म्हणाल्या, ओळखते की, पण नियम तुमचाच आहे आणि चांगला आहे. मागे रांग लागली. फोटो बदलायचा हक्क फक्त नाव नोंदवणाऱ्या आईला, हीसुद्धा माझीच अक्कल.

चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. झक मारत तिला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, थांब, टाकते.

सहाला पाच कमी असताना चौकोन भरला. सोफ्यावर मी झोपलोय, तोंड आ वासलेलं, लाळ गळतेय, आणि पोटावर मूठभर मुलगी, तीही आ वासून. रांग खदखदून हसली.

फोन चालूच होता. "तू तर माझे सगळे फोटो काढून टाकले होतेस," मी म्हणालो.

"चांगले तेवढे काढून टाकले," ती म्हणाली.

आता आपण रडणार, तेही या रांगेसमोर, अशी मला भीती वाटली. मावशींनी चष्मा सारखा केला. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"तोंड उघडा बघू."

मी उघडलं. त्यांनी फाटकाचं बटण दाबलं.