टिचकीचा डबा आणि दारातली झडती

मी एक जुना, लाल झाकणाचा जेवणाचा डबा आहे. मित्रांनो, माझा कुणावरही विश्वास नाही. पहारा ठेवायलाच मला या घरात आणलं.

माझी मालकीण अंगाने इवलीशी, म्हणून सगळे तिला टिचकी म्हणतात. गहू तिच्या पोटाचा वैरी. त्यातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं आतडं सुजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. या आजाराला सीलिॲक म्हणतात. आईने तिचं ताट, तवा, तांदळाचं पीठ, सगळं वेगळं केलं आणि वर मला नेमलं.

शाळेत मी सगळ्यांवर डोळा ठेवी. शेजारची मैत्रीण बिस्किटाचा पुडा फोडी, तेव्हा मी झाकण घट्ट आवळून घेई. वर्गात केक आला की वाटे, आज ही घसरणार. टिचकी कधीच घसरली नाही. तरी माझ्या मनात पाल चुकचुकायचीच.

मग रक्ताचा अहवाल आला. त्यातला आजाराचा आकडा उतरायच्या ऐवजी चढला होता.

"खरं सांग, काय खाल्लंस?" आईने विचारलं.

"काही नाही गं, आई."

"मग हे काय आपोआप झालं?"

तेव्हापासून दारातच झडती सुरू झाली. खिसे उलटे, तळवे पुढे, तोंड उघडं. आजोबा तोंडाचा वास घेत. बाबांनी मैत्रिणीच्या आईला फोन करून आडून आडून चौकशी केली, तशी मैत्रीण दूर बसू लागली. टिचकी मला मांडीवर घेऊन एकटीच जेवे. मला फार वाईट वाटे, कारण तिचा प्रत्येक घास मी पाहिला होता.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी आईला स्वयंपाक पहिल्यापासून सांगायला लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पीठ चाळता कशाने?"

घरात चाळणी एकच होती. गंजेल म्हणून आई ती धूत नसे, गव्हाचं पीठ चाळलं की नुसती झटके आणि तिच्यातच टिचकीचं तांदळाचं पीठ चाळे. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

नवी चाळणी आली. त्याच दिवशी टिचकी शाळेतून आली आणि कुणी न सांगता दारात खिसे उलटे करून, तळवे पुढे धरून उभी राहिली. आईने तिचे तळवे मिटले.

"राहू दे गं. माझंच चुकलं."

"मी सांगत होते ना," एवढंच म्हणून ती आत गेली.

मित्रांनो, आकडा पुढे उतरला. माझं झाकण आता सैल झालंय, लवकरच मी अडगळीत जाईन. तोवर एक मागणं आहे. ताटावर, तव्यावर, चाळणीवर, अगदी माझ्यावरही संशय घ्या. पण पोर "नाही खाल्लं" म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. आमची टिचकी अजूनही दारात आली की आधी खिशात हात घालते.