तोलबाबांचं कडं आणि सुकलेले पाइप

त्या दिवशी अग्निशमन केंद्राच्या आवारात बंबाला जागा नव्हती. बंब बाहेर रस्त्यावर आणि माणसं आत, असा सगळा उलटा कारभार होता. कुठं आग लागली असती तर बंब तयार होता, पण त्यावर चढायचे ते जवान पार पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर लाकडी पेट्या जोडून केलेल्या मंचावर तोलबाबा उभे होते.

बाबांना केंद्रात आणलं होतं साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी. साहेबांच्या सासूबाईंचे गुडघे बाबांनी बरे केले होते. निदान सासूबाई तसं म्हणत होत्या, आणि त्यांच्यापुढे साहेबांची मात्रा आजवर कधी चालली नव्हती.

बाबांनी जे सांगायला चांगला तासभर घेतला, ते थोडक्यात असं. माणसाच्या अंगात दोन नाड्या असतात. उजवीत बळ, डावीत दम. दोघी एकमेकींच्या सवती. वजनं उचलून उजवीला खूश करावं तर डावी रुसते, पळून डावीला खूश करावं तर उजवी उपाशी राहते. मग बिचाऱ्या माणसानं आठवड्यातून किती दिवस वजनं उचलावीत आणि किती दिवस पळावं? "दोन्ही करू नका," बाबा म्हणाले. "सवतींच्या भांडणात नवऱ्यानं पडू नये." लोक खो खो हसले. हसता हसता त्यांना शास्त्रही पटलं.

दोघींचा तोल सांभाळायला बाबांकडे एक कडं होतं. काळ्या रबराचं, आत तांब्याची तार. कडं फुकट होतं. त्यात भरायची ऊर्जा तेवढी विकत होती, आणि ती उडून जाते म्हणून दर महिन्याला पुन्हा भरून घ्यावी लागे.

मागं सरावाच्या मनोऱ्याच्या भिंतीला टेकून शिट्टीबाई हे सगळं ऐकत होत्या. जवानांचा व्यायाम त्या घेत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. तोंडावर त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी बसवलेला आठवडा असा: दोन दिवस वजनं, तीन दिवस पळणं आणि जिने, एक दिवस अंग मोकळं करायला हलका व्यायाम आणि एक दिवस निखळ विश्रांती. या आठवड्यात चमत्कार काहीच नसल्यामुळे तो कुणाला फारसा आवडत नसे.

बाबांनी ड्रायव्हरकाकांना मंचावर बोलावलं. एका पायावर उभं राहा, हात बाजूला ताठ धरा, म्हणाले. मग त्यांनी काकांच्या मनगटावर दोनच बोटं ठेवली आणि जरासं दाबलं. काका धपकन बाजूला कलंडले. कडं घालून पुन्हा उभं केलं, तेव्हा बाबा त्यांच्या हाताला चक्क लोंबकळले, तरी काका हलले नाहीत. टाळ्यांनी आवार दणाणलं. सासूबाईंनी डोळे पुसले.

यानंतर मंचावर पहिलवान चढला आणि बाई भिंत सोडून पुढं सरकल्या. पहिलवान हा त्यांचा धाकटा भाऊ. दंड असे की गणवेशाच्या बाह्या उसवाव्या लागल्या होत्या. वजनांच्या दोन दिवसांना तो आधी हजर, पळण्याच्या तीन दिवसांना मात्र त्याचं काही ना काही दुखायचं. ताईचाच वर्ग, रागवून रागवून किती रागवणार, असं धरून चालायचा.

मग बाबा यायच्या दोन-तीन आठवडे आधी कापडाच्या गोदामाला आग लागली होती. पहिलवान पाइप खांद्यावर टाकून जिना चढला. हातांनी साथ दिली, पायांनीही दिली, श्वासानं मात्र वरच्या मजल्यावर हात टेकले. आत एक म्हातारा पहारेकरी अडकला होता. दोघा सहकाऱ्यांनी आधी पहिलवानाला खाली आणलं आणि मग पहारेकऱ्याला. पहारेकरी वाचला, पण तो उशीर पहिलवानाच्या मनातून जाईना. साहेबांनी त्याला शिडीपथकातून काढलं आणि महिनाभरानं, एका रविवारी, पुन्हा चाचणी घेऊ म्हणाले.

त्या रात्रीपासून तो घरी मान खाली घालून जेवायचा. बाईंना ते बघवत नसे. त्याला रोज पहाटे पळवायला त्यांनी सुरुवात केली. कसोटी एकच होती, जिना चढताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून "ता" निघालं, "ई" वरच्या मजल्यावर. पण हळूहळू दम वाढत होता. आणि नेमका आता हा बाबा येऊन टपकला.

पहिलवानही मंचावर कडं नसताना कलंडला आणि कडं घातल्यावर खांबासारखा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठलाच नाही.

बाईंनी पांघरूण ओढलं, आईनं दोघांना गप्प केलं आणि चहाच्या वेळी व्हायचं ते भांडण झालंच. बाई म्हणाल्या, ही हातचलाखी आहे. तो म्हणाला, कशी ते सांग. बाईंना सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, "तुझ्याच मनोऱ्यावर करून बघू. मग तर मानशील?"

याला नाही कसं म्हणणार? स्वतः तपासून बघायला मॅडमच तर शिकवत आल्या होत्या. जवानांनी चोख बेत आखला. तोच मनोरा, तोच जिना, खांद्यावर पाइप घेऊन सगळ्यांनी सकाळी कड्याशिवाय चढायचं, दुपारी भरपूर विश्रांती घेऊन कडं घालून चढायचं. वेळ बाईंनी स्वतःच्या घड्याळात लावली. सकाळी पहिलवान वरच्या वळणावर भिंतीला टेकला होता. दुपारी तो न थांबता वर पोचला, आणि वरून त्यानं हात हलवला. बाकीचेही सगळे सकाळपेक्षा भराभर चढले. अगदी ढेरी सुटलेले ड्रायव्हरकाकासुद्धा.

बाईंनी घड्याळ खिशात टाकलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, वेळा जशा होत्या तशाच त्यांनी सांगितल्या. रविवार जवळ आला होता. चाचणीत कदाचित तो निभावून जाईल, पण त्यानंतरच्या खऱ्या आगीचं काय? या एका विचारानं त्यांची झोप उडाली.

शनिवारी सकाळी त्या मनोऱ्यापाशी उभ्या होत्या. अग्निशमन केंद्रात मनोरा असतो तो नुसता चढायला नव्हे. वापरलेले पाइप रोज सकाळी धुऊन मनोऱ्यात उभे टांगायचे, सकाळभर पाणी निथळायचं आणि दुपारपर्यंत ते वाळायचे, ही इथली जुनी रीत. पाइपही जुनेच, जाड कापडाचे, पाणी पिणारे. नुकताच धुतलेला एक पाइप वाटेत पडला होता. बाईंनी तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग आतून कालचा, वाळलेला पाइप आणला. एक या हातात, एक त्या हातात.

ओला केवढा तरी जड होता. मग स्वतःलाच म्हणाल्या, "धन्य आहे माझी." सकाळी सगळे ओले पाइप घेऊन चढले होते, दुपारी वाळलेले. रोज पाइप धुणाऱ्या, टांगणाऱ्या, गुंडाळणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, कारण रोजच्या कामाकडे कोण बघतो? बघत होते सगळे कड्याकडे. बाईसुद्धा.

एक गाठ सुटल्यावर दुसरी सुटायला वेळ लागला नाही. घरी जाऊन बाईंनी आईला एका पायावर उभं केलं. आईनं पोरगी बिघडली असं म्हटलं, पण उभी राहिली. मनगट खाली दाबताना किंचित बाहेरच्या बाजूला ओढलं की आई कलंडायची. हात कोपराजवळ धरून दाब किंचित आतल्या बाजूला दिला की सगळा भार सरळ पायावर जायचा आणि आई जागची हलायची नाही. आईच्या हातात कडं नव्हतं, लाटणं होतं.

रविवारी चाचणीआधी बाबांचा सत्कार ठेवला होता. आवार पुन्हा भरलं. बाईंनी साहेबांकडे हात जोडून एकच मागणं मागितलं. बाबांनी कड्याचा चमत्कार पुन्हा एकदा दाखवावा, फक्त मनगटं पट्टीनं झाकलेली असावीत. एका पट्टीखाली बाबांचं कडं, दुसऱ्या पट्टीखाली पाइपाच्या जोडातला रबरी वायसर. तोही काळा, तोही तेवढाच. कुणाला काय बांधलं ते फक्त बाईंना ठाऊक. बांधून होईपर्यंत बांधून घेणाऱ्यांनी डोळे मिटायचे.

बाबा म्हणाले, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, ऊर्जा नाराज होते. साहेबांनी मान डोलावली. आता विषय मिटणार, तोच पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, "करा की, बाबा. तुमचं खरं आहे, मग घाबरता कशाला?"

झालं. सासूबाईंपुढे साहेबांचं चालत नव्हतं, तिथं बाबांचं काय चालणार?

ड्रायव्हरकाका आणि पहिलवान पट्ट्या बांधून मंचावर उभे राहिले. बाबांनी डोळे मिटले, कंपनं घेतली आणि मग एक डोळा किलकिला करून दोघांचे चेहरे बघितले. काका छाती काढून उभे होते. पहिलवान ताईकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चिंता होती. बाबांनी ओळखलं, कडं काकांकडे आहे. ते काकांच्या हाताला लोंबकळले. काका हलले नाहीत. मग त्यांनी पहिलवानाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पहिलवान पेट्यांवरून खाली आला.

बाईंनी पट्ट्या सोडल्या. काकांच्या मनगटावर वायसर निघाला. कडं पहिलवानाच्या हातात होतं, काठोकाठ ऊर्जा भरलेलं. काकांनी वायसर डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि हा भांडारात परत द्यायचा का, असं विचारलं.

मग बाईंनी साहेबांनाच मंचावर घेतलं आणि दाबण्याची युक्ती दाखवली. बाहेरच्या बाजूला, कलंडले. आतल्या बाजूला, उभे. साहेब तीनदा पडले तेव्हा कुठं बाईंचं समाधान झालं. बाबा म्हणत होते की वायसरनं ऊर्जा शोषून घेतली, पण आता लोक एकमेकांना एका पायावर उभं करण्यात गुंतले होते आणि ऐकायला कुणाला सवड नव्हती. बाबा पिशवी उचलून फाटकाकडे निघाले. सासूबाईंनी तेवढं हेरलं आणि ऊर्जेचे पैसे परत मागायला त्यांच्या मागोमाग गेल्या. बऱ्या नसलेल्या गुडघ्यांच्या मानानं त्या बऱ्याच भराभर चालत होत्या.

पहिलवान मात्र तिथंच होता. "ते मंचावरचं सोड," तो म्हणाला. "मनोऱ्याचं काय? तिथं कुणी दाबत नव्हतं. मी चढलो होतो, ताई."

त्याच्या आवाजात अशी आशा होती की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आतून वाळलेला पाइप आणून त्याच्या एका हातात दिला, मनोऱ्याखालचा ओला पाइप दुसऱ्या हातात दिला. तो आधी एका हाताकडे बघत राहिला, मग दुसऱ्याकडे.

"आगीत पाइप कसा असतो?" बाईंनी विचारलं.

"पाण्यानं भरलेला," तो म्हणाला.

त्यानं दोन्ही पाइप खाली ठेवले. मनगटावरचं कडं काढून खिशात टाकलं, सरळ साहेबांपाशी गेला आणि शिडीपथकासाठी आज आपली चाचणी घेऊ नका म्हणाला. कारण विचारलं तर सांगितलं, कुणीतरी वर अडकलेलं असतं. गोदामाच्या आगीनंतर पहिल्यांदा त्याची मान वर होती.

आता चार शब्द आपल्याशी. या गोष्टीत बाबा लबाड होता, हे खरं, पण मनोऱ्यावर कुणीच लबाड नव्हतं. भल्या माणसांनी प्रामाणिकपणे प्रयोग केला आणि स्वतःला फसवून घेतलं. म्हणून चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं: कड्याखेरीज आणखी काय बदललं होतं? दाबणारा हात कुठल्या बाजूला होता, पाइप ओला होता की वाळलेला? हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि बळ आणि दम या सवती वगैरे काही नाहीत. आठवड्यात दोघांनाही जागा द्यावी, मधे शरीराला विसावा द्यावा आणि धीर धरावा. यापेक्षा सोपा उपाय कुणी विकत असेल तर आधी त्याला चार मजले चढायला सांगावं.

पहाटेचं पळणं पुन्हा सुरू झालं. बरेच महिने गेले. एका सकाळी पहिलवान नुकताच धुतलेला, पाणी गळणारा पाइप खांद्यावर घेऊन मनोऱ्याचा जिना चढत होता आणि बाई खाली शिट्टी तोंडात धरून उभ्या होत्या. शेवटच्या वळणावरून त्याचा आवाज यायला लागला. ताई, तू माणूस नाहीस, लहानपणी माझी सायकल मोडलीस तेव्हापासून माझ्या मागं लागली आहेस, आईसुद्धा तुझीच बाजू घेते, पाणी माझ्या मानेतून पाठीत उतरलंय आणि आज तर वजनांचा दिवस होता. हे सगळं तो एका दमात बोलला आणि बोलत बोलतच वर पोचला.

बाईंनी तोंडातली शिट्टी काढली आणि त्या ऐकत राहिल्या.