पंचवीस घोड्यांची मोटर

जाळे एक, साठ किलो. बर्फाची पेटी एक, भरून चाळीस. इंधनाचे डबे दोन, एक भरलेला, एक अर्धा. नांगर, दोर, दोन वल्ही. वाळूची गोणी एक, अठरा किलो. मुलीने धक्क्यावरच्या काट्यावर एकेक वस्तू लटकवली, वजन वहीत उतरवले आणि मग सगळे होडीत ठेवले. शेवटी तिने स्वतःचे वजन लिहिले: बावन्न. ती आणि गोणी मिळून सत्तर. भाऊ सत्तर किलोचा होता.

"आता माझ्या पापांचंही वजन घे," मेकॅनिक म्हणाला. "पण काटा मोडेल हो तुमचा."

कुणी हसले नाही. तो घाईघाईने मोटरवर वाकला. पंचवीस घोड्यांची ती मोटर त्याचीच होती, दिवसभरासाठी दिलेली.

वडील मागच्या फळीशी बसून होते. नऊ घोड्यांची जुनी मोटर त्यांनीच पसंत केली होती. होडी लाकडी, वीस फुटी, मागची फळी थकलेली, तिला झेपेल तेवढेच, म्हणून. आठ महिन्यांपूर्वी अकरा सागरी मैलांवर दोराचा फास भावाच्या मांडीत रुतला आणि मांडी कापली गेली. होडीत बापलेक दोघेच होते. किनारा गाठायला दोन तास लागले; तोपर्यंत तो गेला होता. तेव्हापासून वडिलांच्या तोंडी एकच वाक्य होते: "पंचवीसची असती तर चाळीस मिनिटांत आणला असता." शेजाऱ्याची फायबरची होडी पंचवीसवर कशी उडत जाते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आता तसली मोटर घेतल्याशिवाय ते समुद्रावर जाणार नव्हते.

"बाबा, त्यांची होडी हलकी आहे, ती पाण्यावर चढते," मुलगी म्हणाली. "आपली पाणी कापत जाते. ठरावीक वेगापुढे ती जात नाही. मोटर मोठी लावली तर नुसती मागून बसेल."

"ऐका दादा," मेकॅनिक म्हणाला. "म्हाताऱ्या बैलाला चार चाबूक जास्त मारले म्हणून तो घोडा होतो का?"

"पुस्तकात वाचलंस?" वडिलांनी तिलाच विचारले.

"हो."

"मग पाण्यात दाखव."

समुद्रात रोवलेल्या दोन खांबांमध्ये एक सागरी मैल अंतर होते. आधी जुनी मोटर लावली. वडिलांनी मोटरचा दांडा धरला, मुलगी गोणीशेजारी घड्याळ घेऊन बसली. अकरा मिनिटे पाच सेकंद. मागच्या फळीची कड पाण्याच्या सव्वीस सेंटीमीटर वर राहिली.

मग धक्क्यावर परतून मेकॅनिककडून पंचवीसची लावून घेतली. पुढचे टोक आभाळाकडे उठले, मागची बाजू खाली बसली, आणि उठलेली लाट पाठीला लागल्यासारखी मागोमाग येत राहिली. आता कड नऊ सेंटीमीटर वर होती. दोनदा पाणी आत आले. दहा मिनिटे चौदा सेकंद.

"परत," वडील म्हणाले.

परत तेवढीच.

मुलीने वहीत वजाबाकी केली, अकराने गुणले आणि वही त्यांच्यापुढे धरली. सगळे मिळून नऊ मिनिटे एकवीस सेकंद वाचली असती. वडिलांनी आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला आणि मोटर बंद केली. तिला वाटले होते, हे एकदा कळले की त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

"म्हणजे मोटरचा दोष नव्हता."

"नव्हता, बाबा."

"मग डॉक्टर म्हणाले तेच खरं. कुणी जखम दाबून धरली असती तर तो टिकला असता."

"तुम्ही एकटे होतात. होडी कोण चालवणार होतं?"

"तेच सांगत आलो मी सगळ्यांना. दांडा न सोडता हात पोचतो का, ते बघितलं मात्र नाही." त्यांनी मधल्या फळीजवळच्या तळाकडे मान वळवली. "नीज तिथे. डोकं पुढे, पाय माझ्याकडे. तो तसाच होता."

ती आत आलेल्या पाण्यात पाठ टेकून आडवी झाली. वडिलांनी डावा हात दांड्यावर ठेवला, कमरेत वाकून उजवा पुढे केला. ते पाहून तिने हळूच पाय त्यांच्यापासून दूर ओढून घेतला.

"हलू नकोस," ते म्हणाले. "तो हलला नव्हता."

तिचा घोटा धरून त्यांनी पाय होता तिथे आणला, मांडीवर जखमेची जागा बोटाने दाखवली, दांडा पुन्हा घट्ट धरला आणि हात पुरता लांबवला.

"मोज."

तिने झोपल्या झोपल्या खिशातली टेप काढली, जखमेच्या जागेपासून त्यांच्या बोटांच्या टोकापर्यंत ताणली आणि आकडा वाचला.

हात जखमेच्या पुढे सहा सेंटीमीटर गेला होता.