बादलीतलं पाणकणीस

माझ्या लेकीनं, लुंबिनीनं, आणून ठेवलेली माती मी कोथिंबिरीला वापरली, हे आधीच कबूल करते. बाल्कनीत पिशवीभर माती नुसती पडलेली. मला राहवलं नाही. पण पिशवीवरचं सहीचं लेबल मी फेकलं नाही. सरकारी ऑफिसच्या डिस्पॅचमध्ये तीस वर्षं काढली आहेत. सहीचा कागद माझ्या हातून कचऱ्यात जात नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत माती ओतली आणि लेबल वर सेलोटेपनं चिकटवलं.

लुंबिनी पाणथळ जागांची झाडं आणि माती अभ्यासते. नोएडाच्या कडेला एक तळं आहे, सध्या कोरडं ठाक. ते पाणथळ जागांच्या यादीतून काढून तिथे पार्किंग करायचा घाट होता. सोमवारी सुनावणी. रविवारी तिनं तिथल्या मातीची ती पिशवी मागितली आणि मला कोथिंबिरीचं सांगावंच लागलं.

"आई, यार! तोच तर पुरावा होता! सरकारी सर्व्हेअरची सही होती त्यावर!"

"सही आहे ना. बादलीवर."

ती तणतणत बाल्कनीत गेली. बादलीला भोक पाडायचं मी विसरले होते. पाणी साचून कोथिंबीर केव्हाच सडली होती आणि तिच्या जागी लांब हिरवी पाती आली होती. मी ती उपटणारच होते.

लुंबिनी एकदम खाली बसली. "आई, हे पाणकणीस आहे! चिखल लागतो याला. बी मातीतच होतं, पाण्याची वाट बघत."

सोमवारी मेट्रोत बादली मांडीवर घेऊन बसले. लोक बघत होते, बघेनात का!

"मैडम, सूखी ज़मीन है. वहाँ कुछ नहीं उगता," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

लुंबिनीनं बादली टेबलावर ठेवली. पाती दाखवली, करड्या मातीतल्या तांबूस रेघा दाखवल्या. वर्षानुवर्षं पाणी साचतं तिथेच मुळांभोवती अशा रेघा येतात, हे शांतपणे समजावलं.

"ये मिट्टी तो कहीं की भी हो सकती है."

आता मात्र मी गप्प बसणार नव्हते. "लेबल पढ़िए, सर."

साहेबांनी चष्मा लावला. तारीख, जागा, माती किती खोलवरची, खाली त्यांच्याच खात्याच्या सर्व्हेअरची सही. दोनदा वाचून त्यांनी प्रस्ताव परत पाठवला. तळं यादीत राहिलं.

बाहेर आल्यावर लुंबिनीनं पेन काढलं. लेबलावर त्या सहीखाली थोडी जागा होती.

"वाढवलं कुणी, तेही लिहावं लागतं. सही कर, आई."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या सांभाळल्या. माझी सही कुणाला लागली नव्हती. डोळे भरून आले, तरी मी पूर्ण नाव लिहिलं: कौसल्या भाऊराव मेश्राम.