बाप्या आत बसलाय

मुलगा होणार हे तिच्या वडिलांनी इतकं पक्कं धरलं होतं की मुलगी झाली तरी त्यांनी बेत बदलला नाही. शाळेच्या दाखल्यावर एका फुलाचं नाव घातलं, आणि ते नाव पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखं कपाटातच राहिलं. घरात, गल्लीत, दुकानात ती बाप्या. चार वर्षांनी धाकटी झाली तोवर वडिलांची हौस फिटली होती. शिवाय घरात एक मुलगा होताच. धाकटीला छोटी म्हणायचं ठरलं आणि छोटीला धड बोलता येण्याआधीच शिकवण्यात आलं की हा तुझा दादा.

वडिलांचं दुकान जळलेल्या मोटारी भरून देण्याचं. पंपाची, पंख्याची, कारखान्यातल्या यंत्राची, कुठलीही मोटार जळली की आतली तांब्याची तार काळी पडते. ती कापून काढायची, तिचे वेढे मोजायचे, खाचा खरवडून त्यात कागद बसवायचा, नव्या तारेची वेटोळी हाताने एकेका खाचेत दाबायची, दोऱ्याने आवळायची, वार्निश पाजायचं आणि दिव्याखाली वाळत ठेवायचं. एखादा वेढा चुकला तरी मोटार तापायला लागते, पण कोणाचं चुकलं हे कळायला सहा महिने जातात. बाप्याचं चुकलेलं कधी कळलं नाही, कारण चुकलंच नाही.

बाराव्या वर्षी वडिलांनी तिला स्टुलावर बसवलं. सोळाव्या वर्षी तिचा हात वडिलांच्या पुढे गेला. वडील हे मोठ्या मनाने सगळ्यांना सांगायचे. "मला मुलगी नाहीच हो, मुलगा आहे," असं ते दिसेल त्याला ऐकवत, आणि हे कौतुक आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तिचीही होती. वर्गातल्या मुलींना केस लांब आहेत म्हणून शाबासकी मिळायची. तिला ते नसल्याबद्दल मिळायची. तेवढा फरक तिने पदरात घेतला.

मात्र मुलगा म्हटलं तरी त्याला पुढच्या खोलीत बसवायची वडिलांची छाती होत नव्हती. गिऱ्हाईक बिचकतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मधे पडदा लागला. पुढे गल्ल्यावर वडील, मागे बिनखिडकीच्या खोलीत ती. कोणी विचारलं की वडील अंगठा पडद्याकडे करायचे आणि म्हणायचे, बाप्या आत बसलाय. पुढेपुढे मोटारींबरोबर चिठ्ठ्या यायला लागल्या, बाप्याकडूनच भरून हवी. वेटोळ्यांवरून दोरा ओढायची तिची एक रीत होती. दर दोन बोटांवर एक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत, आणि शेवटचं टोक आत लपवलेलं. या धंद्यातली माणसं झाकण उघडलं की गाठीवरून कारागीर ओळखतात. शहराच्या पार दुसऱ्या टोकालाही बाप्याची गाठ माहीत होती. बाप्या कोणी पाहिला नव्हता. तिला हे कळायचं तेव्हा पडद्यामागे ती एकटीच हसायची, आणि ते हसू तिला आठवडाभर पुरायचं.

तिला बघायला दोनदा माणसं आली. पहिल्यांदा वडिलांनी तासभर तिने भरलेल्या मोटारींचं वर्णन केलं. मंडळी चहा अर्धवट टाकून उठली. दुसऱ्या वेळी मुलाच्या मामाने विचारलं की मुलीला घरकामाची आवड आहे का, तर वडील खो खो हसले. त्यानंतर आईने विषय काढला नाही. छोटीचं लग्न वेळेवर झालं. जावई मोबाईलच्या मोठ्या दुकानात विक्रेते होते, बोलायला गोड. तिला पाहिलं की "काय मेहुणे!" म्हणून टाळी मागायचे. ती द्यायची.

ती छत्तिशीची झाली त्या वर्षी वडिलांचे हात कापायला लागले आणि एका डोळ्याने दिसेनासं झालं. जागेच्या मालकाने निरोप पाठवला की करार संपतोय, महिनाअखेर नव्या माणसाचं नाव कळवा. नवा माणूस कोण, हा प्रश्न तिला पडलाच नाही. एका दुपारी वडील जेवायला गेले असताना तिने दोरीने पुढची खिडकी मोजली. तिचं टेबल खिडकीखाली बसत होतं, वर चार बोटं जागा उरत होती. चोवीस वर्षं दिव्याच्या उजेडात तार ओढल्यावर खिडकीखाली ओढायला मिळणार, एवढंच तिच्या मनात होतं. पडदा काढला तर त्याचं काय करायचं, हेही तिने ठरवलं होतं. पुसायला.

रविवारी छोटी आणि जावई आले. जावई कामाला होते ते दुकान बंद पडून दोन महिने झाले होते, त्यामुळे ते जरा कमी गोड झाले होते. जेवणं उरकल्यावर वडिलांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि सांगून टाकलं की करार जावयांच्या नावाने होईल.

तिला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तू काय, तू भाऊ आहेस तिचा," वडील म्हणाले. "बहिणीवर वेळ आली तर भाऊ मागे सरतो. मुलाकडून एवढीच अपेक्षा असते बापाची."

आई ताटं उचलत होती. ती थांबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली, "तीही तुमची मुलगीच आहे."

वडिलांनी आईकडे असं पाहिलं की जणू ती चारचौघांत काहीतरी अचकटविचकट बोलली. मग ते शांतपणे म्हणाले, "बरं, मुलगी. मग मुलीला कशाला हवं दुकान?"

एका दमात ती मुलगा म्हणूनही गेली आणि मुलगी म्हणूनही. वडिलांनी कुठेही खोटेपणा केला नव्हता. ते दोन्ही वेळा मनापासून बोलले होते. छोटी रडायला लागली. दादा, तू नको म्हणालास तर आम्ही हात लावणार नाही, असं ती हुंदक्यांमधून सांगत राहिली. तिचं रडणंही खरं होतं. या घरातली अडचणच ही होती, सगळे खरं बोलायचे. आता भाऊ काय करतो, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. तिने छोटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "घे गं. रडू नकोस."

वडिलांनी मान डोलावली. बघा, म्हणाले, आहे की नाही मुलगा?

जावयांनी शब्द दिला होता की तिचं टेबल मागे तसंच राहील. पण पुढे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लागले, त्यांची खोकी मागे आली, आणि तिसऱ्या आठवड्यात टेबलावरच खोकी ठेवायची वेळ आली. शिवाय वार्निशच्या वासाने गिऱ्हाईक आत येत नाही, असं जावई अगदी संकोचाने म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तिने पकड, कात्री, खाचेत दाबायच्या बांबूच्या पट्ट्या आणि दोऱ्याचं रीळ एका पिशवीत भरलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मोटारी भरायचं सगळ्यात मोठं दुकान होतं. ती सकाळीच तिथे गेली. मालक जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला. मागे दोन वयस्क कारागीर तार ओढत होते, चक्क खिडकीखाली. कामाचं विचारायला आलेय, मोटारी भरते, असं तिने सांगितलं. मालकाला ते नीट उमगलं नाही. कुठून आलात, एवढंच त्याने विचारलं. तिने दुकान सांगितलं आणि मालकाचा चष्मा कपाळावरून खाली आला.

"म्हणजे बाप्याच्या दुकानातून?"

तिला उत्तर द्यायची त्याने उसंतच दिली नाही. फळीवरून एक उघडी मोटार उचलून आणली. अकरा वर्षं चालली, म्हणाला, जळली ती पाणी शिरल्यामुळे, भरणीत दोष नाही. गाठींवरून त्याने बोट फिरवलं. "हे बघा. असा हात आता होणे नाही. या दोघांना रोज दाखवतो मी, पण यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ." दोघे कारागीर खाली मान घालून हसले, रोजचंच असावं. मग मालकाने विचारलं, "बाप्या तुमचा कोण?"

"मीच बाप्या," ती म्हणाली.

मालक आधी हसला, मग कारागीर हसले. टिंगल नव्हती त्यात, उलट मायाच होती. भावाचा अभिमान असावा तर असा, मालक म्हणाला.

पिशवी तिच्या हातात होती. टेबल रिकामं होतं. अर्ध्या तासात ती एक वेटोळं बसवून, गाठ मारून दाखवू शकली असती. मग मालकाने चष्मा पुसला असता, कारागीर उठून उभे राहिले असते, आणि मालक म्हणाला असता की बाई, तुम्ही तर पुरुषासारखं काम करता. मग तिला आत कुठेतरी बसवलं असतं. ही परीक्षा तिने बाराव्या वर्षी एकदा दिली होती आणि ती पहिली आली होती. पुन्हा बसायचं तर पुन्हा पहिलं येण्याची भीती होती.

"भाऊ," ती म्हणाली. "भाऊच होता."

"होता?"

"गेला. महिना झाला."

मालक मटकन खुर्चीत बसला. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. तिने घरगुती कारण होतं असं सांगितलं. मालकाला एवढं पुरलं. कारागीर माणसं जिवाला जपत नाहीत, म्हणाला, आणि डोळे पुसले. तिने विचारलं की काम मिळेल का. मोटारींचं नाही, पण फोन उचलायला आणि पावत्या लिहायला कोणी तरी हवंच आहे, असं तो म्हणाला. बाप्याच्या बहिणीला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सोमवारपासून या.

मग त्याने भिंतीवरचं बटण दाबून मागे घरघरणारं यंत्र बंद केलं. दोघा कारागिरांना उभं राहायला सांगितलं. एक मिनिट, म्हणाला, एवढं तर आपण करूच शकतो. दोघे हातातली तार खाली ठेवून उठले. मालकाने मान खाली घातली.

तिनेही पिशवी टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. दुकानात फक्त घड्याळाचा आवाज येत होता. तो ऐकत ती मिनिटभर उभी राहिली.